मेडिकलवाल्या मालकांस

सोलापूर

आदरणीय मालक,


आपले उपकार कोणत्या तोंडाने मानावेत? मे महिन्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर घामाने भिजून आमच्या माणसांना जांघेत गजकर्ण झालं, तेव्हा खाडा करून सिव्हिलच्या रांगेत उभं राहण्याचा त्रास आपणच वाचवलात. गिऱ्हाईक कुठे खाजवतंय हे काउंटरपलीकडून पाहिलंत आणि ट्यूब पुढे सरकवलीत. एक प्रश्न नाही, तपासणी नाही. असा धन्वंतरी कुठे मिळायचा!

ट्यूबही केवढी उदार! टर्बिनाफिन बुरशीवर, ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल जंतूंवर, आणि वर क्लोबेटासोल, म्हणजे सगळ्यात जहाल स्टिरॉइडांपैकी एक. आजार एक, औषधं चार.

दोन दिवसांत खाज थांबली. तुमचे पाय धरायचेच काय ते राहिले होते. बुरशीशी झगडताना शरीर जो दाह उठवतं, तोच स्टिरॉइडने दाबला होता. बुरशी आत खुशाल पसरत होती. ट्यूब संपली, चट्टा दुप्पट झाला आणि आम्ही पुन्हा आपल्याच दारात. गिऱ्हाईक टिकवावं तर आपण!

घरच्यांनाही आपण विसरला नाहीत. एकाच टॉवेलने पोराच्या मानेवर गजकर्ण गेलं. त्यालाही तीच ट्यूब. गोरं व्हायचं म्हणून आलेल्या पोरीला स्टिरॉइडचंच दुसरं क्रीम. आता उन्हात गेली की तिचे गाल लालभडक होऊन जळतात. आमच्या माणसांच्या जांघेतली कातडी पातळ होऊन तिच्यावर रेघा उमटल्यात. सोलापुरी चादरीचा रंग पक्का म्हणतात, पण या रेघा त्याहून पक्क्या. त्या जन्मात जायच्या नाहीत.

2018 साली सरकारने स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं खोक्यावर छापलेलंही असतं. आम्हाला वाचायचा त्रास नको म्हणून आपण खोकं काढून नुसती ट्यूब हातावर ठेवता. केवढी ही माया!

शिवाय देशाचं नाव झालं ते वेगळंच. भारत-नेपाळच्या रुग्णांत सापडलेल्या, टर्बिनाफिनलाही दाद न देणाऱ्या बुरशीला 2020 साली जपानी संशोधकांनी नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. अशा मिश्र मलमांनी तिला हात दिला, असं त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात. त्यात आपलाही खारीचा वाटा.

मालक, स्टिरॉइडशी माझं भांडण नाही. इसब, सोरायसिससारख्या जुनाट दुखण्यात डॉक्टरांनी जागा, जोर आणि दिवस ठरवून दिलेलं तेच मलम माणसाला रात्री झोपू देतं. आपल्या धंद्याने त्याचं नाव इतकं खराब केलं, की इसबाने रडणाऱ्या लेकरालाही आई ते लावायला घाबरते. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

एवढी कृपा अजून करा: ट्यूबचं पक्कं बिल देत जा. सिव्हिलमधले डॉक्टर "आजवर काय लावलं?" विचारतात, तेव्हा आमच्या माणसांना "पांढरं मलम" एवढंच सांगता येतं.

आपला,
एक गिऱ्हाईक