लांज्याच्या स्टँडवरचा सल्ला

लांज्याच्या एसटी स्टँडवर फलाटाला गाडीच्या आधी सल्ला लागतो. तो मागावा लागत नाही. पाठीवर बॅग आणि चेहऱ्यावर थोडा गोंधळ एवढ्या भांडवलावर तो मिळतो.

त्याची सुरुवात अंदाजाने होते. बॅगवाला माणूस म्हणजे गणपतीला आलेला चाकरमानी. गणपती नसतील तर शिमग्याला आलेला, आणि शिमगाही उलटून गेला असेल तर सातबाऱ्यावर नाव लावून घ्यायला आलेला. निव्वळ हिंडायला कोणी लांज्यात उतरेल, हे स्टँडला पटत नाही. ‘माचाळला जायचंय’ म्हटले की ‘कोणाकडं?’ असा प्रश्न येतो. ‘कोणाकडं नाही हो, बघायला’ असे उत्तर दिले तर मुलगी कोणाची, याची चौकशी सुरू होते.

वयाच्या अंदाजाला तर सरकारी आधार आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. तेव्हापासून अठ्ठावन्न वर्षांच्या पांढऱ्या केसांनाही ‘तुम्हाला काय, फुकटच!’ असा दिलासा मिळतो. त्यावर जन्मसाल सांगू नये. ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही आणि सांगणाऱ्याला नंतर आरशात बघवत नाही.

अंदाजापाठोपाठ मदत येते. ती तोंडी नसते. बॅग उचलून राजापूरच्या गाडीत नेऊन ठेवलेली असते. ‘आधी जागा धरा, मग बघू कुठं जाते ती.’

सर्वज्ञ कॅन्टीनजवळ सापडतो. त्याच्या अभ्यासाचे मुख्य विषय तीन. पहिला रेल्वे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, पण लांजा नावाचे स्टेशन तिच्यावर नाही. तालुक्याला आडवली, विलवडे अशी स्टेशने मिळाली. रूळ लांज्यातूनच जायचे होते, मग कोणी आणि का वळवले, हे सर्वज्ञाला आतून ठाऊक असते. दुसरा विषय खोरनिनकोचा धबधबा. तो निसर्गाचा चमत्कार, असे एक सर्वज्ञ सांगतो. धरणाच्या सांडव्याचे पाणी, असे दुसरा सांगतो. या एका बाबतीत दुसऱ्याचे बरोबर असते, म्हणून त्याचे कोणी ऐकत नाही. तिसरा विषय झाशीची राणी. तालुक्यातले कोट हे नेवाळकरांचे, म्हणजे राणीच्या सासरचे, मूळ गाव. स्टँडवर पोचेपर्यंत तिचा जन्मही कोटलाच झालेला असतो.

इथे नवखा प्रवासी घसरतो. ‘जन्म काशीचा, तांब्यांच्या घरातला,’ असे तो बोलून जातो. आता पुराव्यादाखल चुलते, मामा आणि रिक्षावाले गोळा होतात, वाद रंगतो आणि तेवढ्यात माचाळकडची गाडी निघून जाते. मुरलेला प्रवासी फक्त ‘असं होय!’ म्हणतो. या दोन शब्दांत होकार नाही, नकार नाही, आणि सांगणाऱ्याला पुढे बोलायला भरपूर जागा आहे. लांज्यातला सल्ला चहासारखा घ्यायचा असतो. नको म्हणायचे नाही. कप रिकामा केलाच पाहिजे, असेही नाही. तो घोट घोट घेत कंट्रोल केबिनच्या खिडकीकडे सरकावे आणि गाडीची वेळ तिथे विचारावी. फक्त मागून दोघे सोबत येतात आणि आतल्या माणसाच्या आधी उत्तर देतात.

शेवटी गाडी लागते. बॅग राजापूरच्या गाडीतून परत येते, आणणारा हात तोच. सर्वज्ञ खिडकीशी येऊन चिखलाची, जळवांची आणि परतीच्या गाडीची सूचना देतो. गाडी हलल्यावरही तो चार पावले सोबत चालतो आणि ओरडतो, ‘पोचलात की फोन करा हो!’

नंबर कोणीच कोणाचा घेतलेला नसतो.