खाज मिटवणाऱ्या मलमसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. मलमसाहेब,
मु. पो. बेलवली, बदलापूर पश्चिम,
कोणत्याही मेडिकलच्या काउंटरवर, हात घातला की सापडेल अशा जागी.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, पाऊस लागला आणि आपला सीझन सुरू झाला. भुयारी मार्गातल्या पाण्यातून वाट काढायची, गॅलरीत दोन दिवस टांगूनही दमट राहिलेली जीन्स अंगात चढवायची आणि तशीच लोकल गाठायची. डब्यात वाळायला जागा कुठली? आठवड्याभरात पट्ट्याखाली आणि जांघेत गोल चट्टा उमटतो. कड लाल, उचललेली, बारीक खवल्यांची. मधली कातडी मात्र साळसूद. गजकर्ण. जागा अशी, की डॉक्टरला दाखवायची लाज. मग माणूस मेडिकलमध्ये जातो, आसपास बाई नाही ना बघतो आणि पुटपुटतो, “भाऊ, खाजेचं काहीतरी द्या.” भाऊ चट्टा बघत नाही, चिठ्ठी मागत नाही. आपण हजर!

केंद्र सरकारने 2018 मध्ये स्टिरॉइडची 14 मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. ही बातमी कर्जत लाइनला अजून पोचलेली दिसत नाही. गाड्या उशिराच धावतात म्हणा.

आपलं खोकं मी बारकाईने वाचलं. क्लोबेटासोल, मायकोनॅझोल, निओमायसिन. यातलं मायकोनॅझोल तेवढं बुरशीवर चालतं. निओमायसिन जिवाणूंसाठी, गजकर्णाशी त्याचा काडीचा संबंध नाही, ते बहुधा सोबतीला आलं असावं. आणि क्लोबेटासोल म्हणजे त्वचेवर लावायच्या स्टिरॉइडांमधल्या सर्वांत जहाल गटातलं. दुसऱ्या दिवशी खाज गायब! मानलं आपल्याला. फक्त एवढंच, की खाज आणि लाली ही बुरशीशी लढणाऱ्या कातडीची आरडाओरड असते. आपण चोराला हात न लावता भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधता. घरमालक शांत झोपतो, चोर एकेक खोली बघत फिरतो.

महिन्याभरात चट्टा मांडीवरून पोटावर जातो, कड पुसट होते, डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. या वेषांतरित गजकर्णाला वैद्यकात ‘टिनिया इनकॉग्निटो’ असं भारदस्त नाव आहे. कातडी पातळ होते, मांडीवर बाळंतिणीच्या पोटासारखे वळ उमटतात आणि ते नंतरही जात नाहीत. देशाचंही नाव झालं: टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणाऱ्या इथल्या बुरशीचं 2020 मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं बारसं झालं. तिच्या भरभराटीला आपल्यासारख्या मिश्रणांचा बेबंद वापर कारण आहे, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. सत्कार कुठे ठेवायचा, कळवा.

आपली वंशावळही पाहिली. आपण स्वतःला अगदी प्रयोगशाळेतले समजता, पण घराण्याची भरभराट मेक्सिकोतल्या रानकंदावर झाली आहे. त्या कंदापासून बनवलेल्या प्रोजेस्टेरॉनवर 1952 मध्ये अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने ऱ्हायझोपस सोडला आणि कॉर्टिसोन हे स्टिरॉइड स्वस्तात बनवायची वाट खुली झाली. ऱ्हायझोपस म्हणजे कोण? शिळ्या पावावर चढते त्या जातीची बुरशी! म्हणजे बुरशीचे आपल्या खानदानावर जुने उपकार आहेत. ते फेडताय, ठीक. पण आमच्या मांड्यांवर कशाला?

आपल्या आधी या गादीवर कोण होतं, ठाऊक आहे? गोवा पावडर. एकोणिसाव्या शतकात गोव्यात आणि मुंबईत गजकर्णावर ही पिवळट-तपकिरी पूड लावत. महाग, आणि कशाची ते विकणारे सांगत नसत. 1864 मध्ये मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी तिची माहिती इंग्लंडला कळवली. दहाएक वर्षांनी ब्राझीलमधल्या बाहियाच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, की ही तर आमच्या अरारोबा झाडाच्या खोडातली पूड. पोर्तुगीजांच्या हद्दीतून फिरत ती गोव्याला पोचली होती. ते खोड फोडणाऱ्यांचे डोळे आणि तोंड सुजून येई. त्यातलं द्रव्य क्रायसारोबिन. त्याच्याच धर्तीवर जर्मनीत 1916 मध्ये बनवलेलं डायथ्रानॉल सोरायसिसवर आजही वापरतात. पूड कातडी जाळायची, धोतरावर न जाणारे जांभळट डाग पाडायची. म्हणजे कोणी लावली आहे ते सगळ्या चाळीला कळायचं. आपल्यासारखं अब्रू झाकून काम बिघडवणं तिला जमलं नाही.

आता खरी गंमत ऐका. 1975 मध्ये आचार्य आणि चटर्जी यांनी टाकळा या रानभाजीतलं बुरशीविरोधी मुख्य द्रव्य वेगळं काढलं. ते निघालं क्रायसोफॅनिक ॲसिड अँथ्रोन, म्हणजे अरारोबाच्या पुडीतला तोच मुख्य ऐवज! सात समुद्रांपलीकडून आणून मुंबईकरांनी चढ्या भावाने घेतला तो माल रुळांच्या कडेला फुकट उगवत होता. पहिल्या पावसानंतर बदलापूर स्टेशनबाहेर ठाकूर-कातकरी बाया टाकळ्याचे वाटे लावून बसतात. दिसायला मेथीची थोराड बहीण; तिन्हीसांजेला पानं मिटून घेते. आम्ही लसूण, मिरची आणि भिजवलेली डाळ घालून तिची भाजी करतो, वर ओलं खोबरं. आयुर्वेदाने हे झाड गजकर्णावरच नेमलेलं आहे.

लगेच धास्तावू नका. टाकळा ठेचून जांघेत चोळा, असं मी कोणाला सांगणार नाही. नाजूक जागी आग उठली तर माणूस पुन्हा आपल्याच दारात येईल. काचेच्या बशीत बुरशी मारणं वेगळं आणि घामेजलेल्या माणसावर उतरणं वेगळं. झाडातलं द्रव्य किती, कोणत्या मलमात, किती दिवस, हे रुग्णांवर नीट तपासावं लागतं. तोवर त्वचेच्या डॉक्टरने दिलेलं निखळ बुरशीविरोधी औषध, तेही खाज थांबल्यावर न सोडता सांगितलेले आठवडे पुरते लावलेलं बरं. ते आपल्याइतकं झटपट नाही. त्याला जाहिरातही जमत नाही.

आपल्याविरुद्ध रीतसर तक्रार करायची होती. म्हणून मेडिकलवाल्याकडे बिल मागितलं. तो हसून म्हणाला, “काका, एवढ्याशा ट्यूबचं कसलं बिल?” आणि सुटे नव्हते म्हणून वर आणखी एक ट्यूब दिली.

आपला नाइलाजाने,
बेलवलीचा एक प्रवासी