शहाणी गाडी

साउथ तुकोगंजातल्या काकांची नवी गाडी म्हणे स्वतःच विचार करते. आरशामागचा सेन्सर काचेत अवरक्त किरण सोडतो. थेंब पडले की परतणारे किरण घटतात आणि वायपर सुरू होतो. परवा पोरगा काचेवर ओलं फडकं फिरवत होता, काकांनी इग्निशन चालू केलं, आणि वायपरनं त्याच्या बोटांवर सपकन छडी ओढली. दिव्यांची अक्कलही तेवढीच. सेन्सरला अंधार कळतो, भरदुपारचा धो धो पाऊस कळेलच असं नाही. पुढे डीआरएल, म्हणजे दिवसा जळणारे दिवे, लखलखतात, मागचे दिवे ठार. मागच्या ट्रकवाल्यानं काय वासावरून ओळखायचं? काका निर्धास्त: “ऑटोवर आहे ना!” पुसताना वायपर बंद, पावसात दिवे हातानं चालू, एवढी बुद्धी टॉप मॉडेलमध्येही बसवून मिळत नाही, शोरूमला जाताना घरून न्यावी लागते.