डावा की उजवा?

मु. पो. भरे, ता. मुळशी, जि. पुणे

श्री. रा. रा. शोधखिडकीसाहेब, मुक्काम आमच्याच खिशात, यांसी सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी पहाटे पावणेतीनला आपण मला आजारी पाडलंत. तोवर माझा फक्त डोळा लवत होता.

पिरंगुटला कारखान्यात माझी तिसरी पाळी होती. उजव्या डोळ्याची खालची पापणी फडफडायला लागली. आरशात पाहावं तर गप्प, नजर वळवली की पुन्हा सुरू. खाचराच्या बांधावर पाऊल वाजलं की बेडूक गप्प बसतो ना, अगदी तसं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. सोडून दिलं असतं तर चाललं असतं, पण चहाची सुट्टी होती आणि फोनला चार्जिंग होतं.

आपण तत्परतेनं उत्तर दिलंत, हे मान्य. जागरण, थकवा, चहा-कॉफी, चेहऱ्याची एक बाजू आखडणे, मेंदूचे विकार, मोटर न्यूरॉनचा आजार. सगळं एकाखाली एक, एकाच मापाच्या अक्षरात. साहेब, आमच्याकडे गावजेवणाच्या पंगतीतसुद्धा मीठ कुठं वाढायचं आणि भात कुठं, याची रीत असते. लाखांत एखाद्याला होणारा आजार आणि चौथा कप चहा यांना आपण एकाच पाटावर बसवलंत. चहावर माझं समाधान झालं नाही, हा दोष माझा. फुकट मिळतंय म्हटल्यावर माणूस खाली खाली सरकतच जातो. सव्वातीनला माझ्या करंगळीतही काहीतरी हललं.

जेरोम के. जेरोम नावाच्या इंग्रज लेखकानं 1889 सालच्या ‘थ्री मेन इन अ बोट’मध्ये असाच एक इसम रंगवलाय. तो ब्रिटिश म्युझियममध्ये वैद्यकाचं पुस्तक चाळत बसतो आणि मोलकरणींच्या गुडघ्याला होणारा एक विकार सोडून जगातले सगळे रोग स्वतःला जडलेत, असं ठरवून बाहेर पडतो. पण त्याला म्युझियमपर्यंत जावं तरी लागलं. आपण खिशात थरथरता, आणि त्या थरथरीनंही मी दोनदा दचकलो.

आपण मला उलटा प्रश्न एकच विचारलात : ‘लोकेशन चालू करू का?’ केलं. लगेच पुण्यातले मेंदूविकारतज्ज्ञ, किलोमीटरसकट. अहो, भूगावच्या वाहनकोंडीतून जाणाऱ्याचं अंतर किलोमीटरमध्ये नसतं.

सकाळी घरी आलो. आजी तांदूळ निवडत होती. डोळा लवतोय म्हटल्यावर मान वर न करता तिनं विचारलं, “डावा का उजवा?”

“उजवा.”

“मग बरंय. पुरुषाचा उजवा चांगला. काहीतरी मिळंल. सीतामाईचा अशोकवनात डावा लवला, तवा मारुती आला.” विषय संपला. शास्त्र म्हणून आजीच्या म्हणण्याला अर्थ नाही, हे मलाही कळतं. पण तिनं आधी विचारलं आणि मग सांगितलं.

घोटावडे फाट्यावरच्या डॉक्टरांनीही तेच केलं. पाळी कुठली? झोप किती? पाळी सुटल्यावर घरी येऊन मी चिखलणीला उतरतो, हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. “आणि चहा?” मी बोटांवर मोजायला लागलो. एक हात संपला. दुसऱ्या हातावर चार बोटं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “बास.”

डोळ्याभोवती गोल स्नायू असतो. त्याचे काही तंतू दमले की आपले आपणच आकुंचन पावतात. त्याला मायोकायमिया म्हणतात. सहसा एकाच डोळ्याला होतं, बहुधा खालच्या पापणीला, आणि काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपणहून जातं. डोळा घट्ट मिटायला लागला, गाल किंवा ओठ ओढायला लागला, पापणी खाली लोंबली किंवा महिनाभरात थांबलंच नाही, तर पुन्हा ये म्हणाले. गोळी दिली नाही. झोप सांगितली. करंगळीचं मी बोललो नाही. ती वाटेतच बरी झाली होती.

चार दिवस चहा तीन कपांवर आणला आणि चिखलणी धाकट्या भावावर सोडली. शनिवारी डोळा थांबला.

आता एक विनंती. तेव्हापासून आपण मला डोळ्यांचे थेंब, आरोग्य विमा आणि एक नीलमणी दाखवताय. नीलमणी तेवढा बंद करा, आजीनं पाहिला तर पंचाईत होईल.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

आपला,
रात्रपाळीचा एक ग्राहक

ता. क. : शनिवारीच खात्यात गेल्या महिन्याच्या ओव्हरटाइमचे पैसे जमा झाले. ज्या जागरणांनी पापणी उडाली, त्याच जागरणांचे ते पैसे, हे मी आजीला नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उजवाच होता ना?”