मुंबई–हीथ्रो, टप्पे बाराशे

हाउन्सलो, लंडन

ती. बाबा व ती. आई यांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. आईच्या चार ओळी आणि इकडे यायच्या प्रवासाबद्दल तुमच्या चौकशीची तीन पानं, तेव्हा आधी तुमचं उत्तर देतो. एसटीत जन्मभर वाहतूक नियंत्रक राहिलेल्या माणसाचं "नऊ-दहा तास लागतात" एवढ्या मोघम उत्तराने भागत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मुंबई विमानतळ ते हीथ्रो अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. एसटीचा सहा किलोमीटरचा टप्पा धरला तर १,२०० टप्पे. हे पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून मोजलेलं अंतर. भिंतीवरच्या नकाशावर तुम्ही फूटपट्टीने ओढलेली रेघ सरळ दिसते, पण गोलावर तीच लांबची पडते. खरी जवळची वाट नकाशावर उत्तरेकडे फुगलेली दिसते. त्या वाटेनेही आता जाता येत नाही. युक्रेनचं आकाश २०२२ पासून बंद, आणि एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांची वाट अडवलेली. म्हणून आपल्याकडची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घालतात. घाट बंद झाला की तुम्ही गाडी दुसऱ्या रस्त्याने काढायचात, तसंच. जादा टप्प्यांचे पैसे वेगळे मागत नाहीत, आधीच तिकिटात घेतात.

आता वेळ. "रात्री दोनला सुटून सकाळी सातला लंडन, म्हणजे पाच तास. परतताना रात्री नऊला सुटून सकाळी साडेदहाला मुंबई, म्हणजे साडेतेरा. येताना ड्रायव्हर झोपतो कुठे?" हा तुमचा आक्षेप धाकटीने वहीत उतरवून घेतलाय, शाळेत सांगायला.

बाबा, घड्याळं दोन आहेत. लंडन उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळ्याचा हिशेब केला तर इकडे यायला साडेनऊ तास, परतायला नऊ. म्हणजे वेळ खातो तो इकडे येतानाचाच प्रवास. वर तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. इकडे येताना तो तोंडावर, परतताना पाठीवर. "लंडनला चढ आहे का?" असं तुम्ही थट्टेने विचारलंत, पण विमानाला तो जाणवतो खरा.

शिवाय वेळापत्रकातली वेळ फलाट सोडल्यापासून फलाटाला लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यातच. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. गर्दी असली की विमानं बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, बिगिन हिल अशा ठिकाणी आकाशात घिरट्या घालत नंबराची वाट बघतात. कुणी आधी उतरायचं ते ठरवणारा माणूस तुमच्याच हुद्द्याचा. फक्त त्याला शिट्टी देत नाहीत आणि प्रवासी खिडकीशी येऊन भांडत नाहीत.

बाकी सर्व क्षेम. सूनबाई विचारते, गोडा मसाला किती किलो आणताय? सामानाचं वजन होतं, कंडक्टरशी ओळख चालत नाही.

आपला,
थोरला

ता. क. आईला सांगा, एसटीसारखं महिलांना अर्धं तिकीट विमानात नाही. पंचाहत्तरी झाली म्हणून तुम्हालाही फुकट नाही. आणि मस्कतवरून जाताना चहाला गाडी थांबत नाही, तेव्हा उगाच बेल शोधू नका.