खड्ड्याचा हिशेब मांडलात, गळतीचा कधी?

मुंबईत रस्त्यावर पत्रे लागले, पोकलेन आला, की तक्रारी सुरू होतात त्या धुळीच्या आणि वाहतुकीच्या. दोन्ही रास्त. पण त्याच रस्त्याखाली जी मलवाहिनी बदलायची आहे, ती इतकी वर्षं रोज काय करत आली, हे कोणी विचारत नाही. पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यमापन म्हणजे नव्या कामाचा त्रास मोजणं, असा समज सरकारात आणि लोकांतही घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे. जुनी वाहिनी तशीच ठेवण्याचेही परिणाम असतात, आणि ते न मोजलेला अहवाल अर्धवट असतो.

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई म्हणजे सात बेटं भरावाने जोडून केलेली जमीन. सखल भाग भरतीच्या पातळीखाली, त्यामुळे मैलापाणी आपसूक समुद्राला मिळत नाही. ते उपसावं लागतं. १८६० च्या दशकात इथे भूमिगत मलवाहिन्यांचं काम सुरू झालं. त्या जुन्या काळातल्या विटांच्या वाहिन्या आजही शहराच्या पोटात आहेत. अंडाकृती आकार विचारपूर्वक निवडलेला: प्रवाह कमी असला तरी तळाच्या अरुंद भागात वेग टिकतो, गाळ बसत नाही. बांधणाऱ्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी ज्या वस्तीसाठी बांधलं, तिच्या कितीतरी पट वस्ती आपण त्यावर चढवली.

मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वाहिनीच्या छताशी साचतो. तिथले जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल चुना, सिमेंट खात राहतं. तडे जातात. भरतीला त्यातून खारं पाणी आत येतं. प्रक्रिया केंद्रावर भार वाढतो, पाणी पुन्हा वापरणं अवघड होतं. भूजल खाली असेल तिथे उलटं घडतं, मैला मातीत झिरपतो. शेजारूनच पिण्याच्या पाण्याची वाहिनी गेलेली असते. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी ठरावीक तासच येतं. ते बंद झालं की दाब उतरतो, आणि तिलाही फट असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. मग चाळीत गॅस्ट्रो, कावीळ. या आजारपणांचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात धरलाच पाहिजे.

कायदा हे मागत नाही. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन अधिसूचनेत कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना स्थान आहे, शहराच्या मलवाहिन्यांना नाही. काम किनारा नियमन क्षेत्रात आलं तर एक परवानगी, खारफुटी तोडायची असेल तर उच्च न्यायालयाची दुसरी. तुकड्यातुकड्यांत सगळं नियमात बसतं, आणि एका वस्तीचा, तिच्या नाल्याचा, त्या नाल्याच्या तोंडाशी असलेल्या किनाऱ्याचा एकत्र हिशेब मात्र कुठेच होत नाही. तो महापालिकेने स्वतःहून मांडावा. कायद्याने सांगितलं नाही, हे उत्तर चालणार नाही.

त्या हिशेबात पहिला मुद्दा: वाहिनी बंद केल्यावर मैला जाणार कुठे? पंप लावून तो पुढच्या मॅनहोलमध्ये सोडायचा असतो. पंप बंद पडला की तो जवळच्या पर्जन्यवाहिनीत उतरतो, आणि तिथून खाडीत नाहीतर समुद्रात. मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या आणि पर्जन्यवाहिन्या वेगळ्या, असं कागदावर आहे. तरी मार्च महिन्यात, पावसाचा टिपूस नसताना, नाले काळेभोर वाहतात. म्हणून राखीव पंप सक्तीचे हवेत. नाल्याच्या तोंडाशी पाण्याची रोज तपासणी हवी, आणि तिचे आकडे वॉर्ड ऑफिसच्या फलकावर.

दुसरा: खणणं खरंच आवश्यक आहे का? वाहिनीचा आकार शाबूत असेल तर आतून अस्तर घालता येतं. मोठी वाहिनी हवी असेल तर यंत्राने जमिनीखालून ढकलत नेता येते. मुंबईत दोन्ही पद्धती वापरात आहेत. झाडांची मुळं वाचतात, धूळ आणि डंपरच्या फेऱ्या घटतात. उघडा चर नाइलाज असेल तिथेच. आणि त्यातून निघालेली मैला मुरलेली माती खाजणात भराव म्हणून टाकू द्यायची नाही.

तिसरा: माणूस. वाहिनी तुंबते म्हणून माणूस आत उतरवला जातो आणि विषारी वायूने मरतो. सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवण्यावर २०१३ पासून कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. वाहिनी बदलल्याने वाचणारे जीव हा या कामाचा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि तो अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवा.

वरळी आणि वांद्र्याची पातमुखं मैलापाणी किनाऱ्यापासून तीन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडतात. समुद्र सारं पोटात घेईल, हा भरवसा आता सोडावा. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर आजही प्रवाळ सापडतात. सागरी किनारा मार्गासाठी त्यातले काही हलवावे लागले. हा समुद्र जिवंत आहे. कोणत्या खडकावर कालवं मिळत आणि ती कधी संपली, हे कोळीवाड्यातल्या बायकांना कोणत्याही सल्लागार कंपनीहून नेमकं माहीत आहे. त्यांना मूल्यमापनाच्या समितीत घ्या, मानधन देऊन घ्या.

१९ जानेवारी २०२३ रोजी सात नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी झाली. एकूण क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर. ही केंद्रं हवीतच. पण जो मैला वाटेतच गळतो, त्यावर कोणतंच केंद्र प्रक्रिया करू शकत नाही. केंद्राइतकंच लक्ष आणि तितकाच पैसा वाहिन्यांवर हवा.

तुमच्या रस्त्यावर पत्रे लागतील तेव्हा धुळीची तक्रार जरूर करा. सोबत वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा: मैला कुठे वळवला, माती कुठे टाकली, आत कोण उतरलं? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. त्याला दहा रुपये लागतात.