आस्कवाले सर

बारामती-इंदापूर रस्त्याला भवानीनगर असो, जंक्शन असो की निमगाव केतकी, खाली खतं-औषधांचं दुकान आणि वर स्पोकन इंग्लिशचा क्लास दिसला की समजावं, सर वर आहेत. एमआयडीसीतल्या इंटरव्ह्यूसाठी आलेल्या पोरांना ते पहिला आठवडा फक्त ‘आस्क’ शिकवतात. आपला माणूस इंग्रजीत अडतो तो उत्तराला नव्हे, प्रश्नाला, असं त्यांचं ठाम मत.

फळ्यावर दोन रकाने. इकडे आस्क अ क्वेश्चन, आस्क द प्राइस, आस्क द वे. तिकडे आस्क फॉर हेल्प, आस्क फॉर लीव्ह. “विचारायचं तर नुसतं आस्क. मागायचं तर फॉर लावा. फुकट काय मिळत नाही!” कुणी ‘आस्क टू हिम’ म्हणालं की खडू सुटलाच. ‘त्याला’मधला ‘ला’ वेशीवर ठेवून मगच इंग्रजीत शिरायचं. मग ‘आस्क अ फेवर’मध्ये मागणं असून फॉर कसा नाही, असं एखादी चुणचुणीत पोरगी विचारते, तेव्हा सर मोरोपंतांना मध्ये घालतात. “बारामतीत बसून त्या माणसानं आर्यांचे ढीग रचले. असले प्रश्न विचारत बसला असता तर?” ‘आस्क आउट’चा अर्थ सांगा, असा हट्ट मागचा बाक दरवर्षी धरतो. “परीक्षेला नाही,” एवढंच उत्तर.

शिष्टाचाराचा तास वेगळा. आधी ‘मे आय आस्क’. पगार विचारायचा नाही, वय विचारायचं नाही, लग्नाचं तर नावच काढायचं नाही.

हेच सर संध्याकाळी एसटीत टेकले, की शेजाऱ्यावर तुटून पडतात. “पाव्हणं कुठलं? ऊस किती? छत्रपतीला घालता का कर्मयोगीला? थोरल्याचं लग्न का राहिलं?” लासुर्णं यायच्या आत त्या बिचाऱ्याचा सातबारा, जावई आणि शुगर, सगळं गाडीभर झालेलं असतं. तुकोबांच्या पालखीचं इंदापुरातलं रिंगणही त्यांना धड दिसत नाही, घोडा धावत असतो आणि सर शेजारच्या वारकऱ्याला विचारत असतात, “विहीर का बोअर?”

परवा एका म्हाताऱ्यानं सगळी उत्तरं निमूट दिली, पटका सारखा केला आणि म्हणाला, “तुमचं क्लासातनं म्हैन्याला किती सुटतं, सर?”

सरांनी खिडकीची काच सरकवली.

“यंदा रिकव्हरी काय म्हणतीये हो, कारखान्याची?”